खोट कुठल्या बाणात

त्या वर्षी दिवाळी सरली आणि मामंजींचे बाण भरकटायला लागले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. नोकरीतली काही वर्षं त्यांनी शिलाँगच्या बाजूला काढली होती. तिकडं गावोगाव बांबूच्या धनुष्यानं नेमबाजी चालते. तिथल्या एका म्हाताऱ्याकडून मामंजी ते शिकले, आणि पेन्शनीत निघाले तेव्हा ट्रंकेबरोबर माणसाच्या उंचीचं एक सरळ धनुष्य घेऊन कऱ्हाड स्टेशनावर उतरले. कृष्णाकाठचं आमचं गाव. शेतात ऊस आणि सैन्यात पोरगा, हे घरोघरी. पण सुभेदाराचं धनुष्य बघायला आसपासच्या गावांतून माणसं यायची. दर सव्वीस जानेवारीला हायस्कुलात झेंडावंदन झालं की मामंजी चाळीस पावलांवरून खांबावर ठेवलेल्या नारळात बाण रुतवायचे. पटांगणात दोन्ही बाजूंनी पोरंपोरी बसायची, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. त्या वाटेनं बाण जायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर माझं लग्न झालं. नवराही सैन्यात, वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझी सासू, आणि मी. सासऱ्यासमोर डोईवरचा पदर सरकू द्यायचा नाही, मान वर करून बोलायचं नाही, अशी रीत. पण बाणांमुळं ती रीत थोडी सैल झाली. माझं माहेर विट्याचं. वडील परमुलखात गलाईचं, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम करायचे. लग्नात त्यांनी मला सोनं तोलायचा त्यांचा एक जुना लहान काटा दिला होता, का दिला ते त्यांनाच ठाऊक. एकदा तो माझ्या पेटीत आत्याबाईंनी पाहिला आणि मामंजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामंजी बारा बाण घेऊन सोप्यात आले.

"तुजा बा सोनं तोलतो न्हवं? मग हे तोल."

मी तोलले. एकेक बाण अडीच तोळ्यांच्या आसपास भरत होता, पण दोन बाणांत चक्क वीस-वीस गुंजांचा फरक निघाला. मामंजी खूष झाले. ते खूष झाले की फक्त नाकातून श्वास सोडायचे.

तेव्हापासून बाण जुळवणं हे माझं काम झालं. पाटणकडच्या डोंगरातून चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, बारीक काठ्या यायच्या. त्या सावलीत वाळवायच्या, मग निखाऱ्यावर शेकून, गरम असतानाच बोटांनी दाबून सरळ करायच्या. भिंतीत दीड हाताच्या अंतरावर दोन खिळे मारलेले होते. त्यावर काठी आडवी ठेवायची, मधोमध अर्ध्या किलोचं माप टांगायचं आणि काठी किती वाकते त्याची मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढायची. कारण सुटलेला बाण सरळ जात नाही. धनुष्याच्या अंगाला वळसा घालताना तो माशासारखा लवतो, मग सरळ होतो. ताठ बाण पुरेसा लवत नाही, म्हणून डावीकडं जातो. लेचापेचा बाण जास्त लवतो आणि उजवीकडं पडतो. जी काठी जास्त ताठ, ती काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडायची. बाराच्या बारा काठ्या त्याच रेघेवर येईपर्यंत हे चालायचं. शेवटी सरस लावून गिधाडाची पिसं बसवायची. त्यातही डाव्या आणि उजव्या पंखाचं पीस एका बाणाला चालत नाही.

तर त्या दिवाळीनंतर मळ्यातल्या सरावात बाण इकडंतिकडं जायला लागले. बांधापाशी उसाच्या पाचटाचा भला मोठा भारा दोरखंडानं करकचून बांधलेला असायचा, त्यावर चुन्याचं वर्तुळ. आधी वर्तुळाच्या बाहेर एखादाच बाण दिसायचा. आता आत एखादा दिसायला लागला.

"बानात खोट हाय," मामंजी म्हणाले. "पुन्यांदा जुळीव."

मी पुन्हा जुळवले. पुन्हा तोलले, पुन्हा वाकवून पाहिले. दोन बाणांची पिसं काढून नवी लावली. संध्याकाळी पुन्हा तीच गत. चौथ्या दिवशी त्यांनी एक बाण गुडघ्यावर मोडला आणि त्याचे दोन तुकडे माझ्या पायाशी टाकले. मी ते तुकडे उचलून चुलीत घातले.

नवीन बारा केले. असे बारा मी त्याआधी कधी जुळवले नव्हते. सगळ्यांच्या वजनात मिळून चार गुंजांचाही फरक नव्हता. तरीही बाण भरकटले. मग मी प्रत्येक बाणाच्या शेपटीला, दोरी बसते त्या खाचेजवळ शाईनं रेघा ओढल्या, एक ते बारा, आणि शंभर पानी वहीत रोज एक वर्तुळ काढून कुठला बाण कुठं लागला ते टिपायला लागले. हिशेब साधा होता. बाणात खोट असेल तर तो रोज एकाच बाजूला चुकेल. सातवा ताठ असेल तर सातवा रोज डावीकडं जाईल.

बारा दिवस टिपलं. सातवा एके दिवशी डावीकडं होता, एके दिवशी वर, एके दिवशी भाऱ्याच्या पलीकडं बांधात. तिसरा एकदा बरोबर मध्यात आणि दुसऱ्या दिवशी पायथ्याशी. कुठल्याही बाणाची एक अशी वाट नव्हती.

वही बंद केली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. मला कळलं होतं, पण मला ते कळायला नको होतं.

एका दुपारी मामंजी बाजाराला कऱ्हाडला गेले. माझ्या नवऱ्याच्या लहानपणी त्यांनी त्याच्यासाठी एक हलकं धनुष्य केलं होतं, ते सोप्यातल्या तुळईला टांगलेलं असायचं. ते काढून मी मळ्यात गेले. ओढायचं कसं हे रोज बघून पाठ झालं होतं. पदर खोचला आणि पंचवीस पावलांवरून बारा बाण मारले. ते सगळे वर्तुळाच्या डावीकडं गेले, कारण बाण मोठ्या धनुष्याच्या जोराला जुळवलेले, हलक्या धनुष्याला ते ताठ पडणार. पण गेले ते सगळे एकाच जागी. परातीनं झाकता येतील एवढ्यात बाराच्या बारा.

मागं बांगड्या वाजल्या. आत्याबाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी भारा खाली टाकला, पाचटातल्या बाणांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मला ठावं हाय. दिवाळीपास्नं ठावं हाय."

"काय, आत्याबाई?"

"त्यास्नी दिसंना झालंय. चहाचा कप हातानं चाचपून घेत्यात. परवा मला तूच समजून हाक मारली."

"मग तुमी सांगत का न्हाई?"

"मी?" त्या हसल्या, पण ते हसणं नव्हतं. "त्यांच्या धाकल्या भावानं एकदा म्हनलं हुतं, दादा, तुजा नेम आता पैल्यासारका न्हाई. सोळा वर्सं झाली. त्याच्या दारात गेलं न्हाईत. तू सांग की, तुजं ऐकत्यात."

मी सांगणार कशी? समोर उभं राहून साधं वाक्य पुरं करायला मला तीन वर्षं लागली होती. आणि सव्वीस जानेवारी सहा दिवसांवर आली होती. हेडमास्तर येऊन आमंत्रण देऊन गेले. यंदा तालुक्याहून साहेब येणार होते, आणि पोरं जास्त म्हणून ती वाट आणखी अरुंद होणार होती. डोळे मिटले की मला ती वाट दिसायची, दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेली पोरं, आणि सातवा बाण, ज्याची कुठलीच एक वाट नव्हती.

मग मी ते केलं.

पुढच्या सकाळी काचेचा तुकडा घेतला आणि तीन बाण खरवडले. जुळलेले, बिनखोटीचे बाण. मधल्या भागात चांगले खरवडले आणि वरून तेलाचा हात फिरवला, नवी जागा पांढरी दिसू नये म्हणून. मनात असं होतं की हे तीन रोज उजवीकडं जातील, मी वही पुढं करीन आणि म्हणेन, बाण बिघडलेत, यंदा राहू द्या. माणसाला खोटं म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून बाण खोटे केले. उजवीकडं काय आहे याचाही मी विचार केला होता. भाऱ्याच्या उजव्या हाताला, थोडं मागं, गोठा होता. सरावाच्या वेळी गुरं रानात असायची. गोठा रिकामाच, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

त्या संध्याकाळी मामंजींनी तीन बाण मारले. तिन्ही धड होते, तिन्ही चुकले. चौथ्याला त्यांनी हात घातला आणि खाचेजवळच्या रेघांवरून मी ओळखलं, तो खरवडलेल्यांपैकी होता. त्यांची नेहमीची सवय अशी की मारण्याआधी बाण दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवायचा. तसं केलं असतं तर त्यांच्या बोटांना लगेच कळलं असतं. पण त्या दिवशी ते चिडलेले होते. बाण तसाच दोरीला लावला.

त्यांनी धनुष्य ओढलं आणि त्याच वेळी मला गोठ्याच्या दारात हिरवं लुगडं दिसलं. आत्याबाई. आजारी वासराला पाणी पाजायला आल्या होत्या, वाकलेल्या, पाठ आमच्याकडं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाण सुटला होता.

तो उजवीकडं गेला, जसा जाणार होता तसाच. गोठ्याच्या मेढीवर खाडकन आवाज आला. आत्याबाई खाली बसल्या. बादली कलंडली, पाणी बाहेर वाहत आलं. मी धावले. ते साठ पावलांचं अंतर मला अजून पुरं करता येत नाही. जाऊन बघते तर बाण लाकडात चार बोटं रुतलेला, आणि त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, आत्याबाईंचं डोकं. एका हातानं त्यांनी वासराचं दावं घट्ट धरलं होतं.

"लागलं का? आत्याबाई, कुटं लागलं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

आणि मागून, मळ्यातून, मामंजींचा आवाज आला. "काय झालं गं? कुटं लागला?"

ते तिथंच उभे होते, धनुष्य हातात. ते भाऱ्याकडं बघत होते. बायको गोठ्यात आहे, सून धावली, बाण मेढीत आहे, यातलं काहीच त्यांना दिसलं नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात तितकी कधी घाबरले नाही, बाण सुटला तेव्हासुद्धा नाही.

मी मेढीतून बाण उपसला आणि त्यांच्याजवळ नेला. म्हणाले, "मामंजी, ह्यो गोठ्यात लागला. आत्याबाई तितं हुत्या. त्यांच्या डोक्यावरनं वीतभर."

त्यांनी बाण हातात घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली, टोकापासून खाचेपर्यंत. मधे येऊन बोटं थांबली. परत मागं गेली.

"ह्यो खरवडलाय."

"व्हय."

"कुनी?"

"मी."

"कशापायी?"

मला वाटलं हात उठेल. उठला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "तुमी सव्वीस जानेवारीला जाऊ नये म्हनून."

आत्याबाई गोठ्यातून येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. लुगडं ओलं झालं होतं. मामंजींनी त्यांच्याकडं तोंड केलं, पण थोडं बाजूला, जिथं त्या नव्हत्या तिथं.

"वही आन," ते मला म्हणाले.

सोप्यात बसून मी वही वाचली. ते भिंतीला टेकले नाहीत. ताठ बसले, साहेबापुढं रिपोर्ट ऐकावा तसे. पहिला दिवस, बाण एक, उजवीकडं वर. बाण दोन, भाऱ्याबाहेर. बारा दिवस, एकशे चव्वेचाळीस बाण. मी वाचत गेले. मधे आत्याबाईंनी दिवा लावला. मामंजींनी एकदाही थांब म्हटलं नाही. शेवटी मी त्या दुपारचंही सांगितलं, हलकं धनुष्य घेऊन मी मारले आणि बारा एका जागी गेले तेही.

"सगळं डावीकडं?"

"सगळं. एका परातीत मावतील असं."

"म्हंजी बान येकसारकं हायती."

"व्हय."

त्यांनी स्वतःचे दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरले, जवळ आणले, लांब नेले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"दिव्याभवती कडं दिसतंय," ते म्हणाले. "मला वाटलं, धूर हाय."

त्यांना राग आला तो पुढं, आणि आला तो भलत्याच गोष्टीवर. "मला सांगायचं हुतंस. श्या देल्या असत्या, जेवलो नसतो दोन दिस. पन धडका बान बिघडवला? तीन तीन? तुज्या सासूचं डोस्कं फुटलं असतं आनि मी म्हनलो असतो, बानात खोट हुती."

पुढचे पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आत्याबाईंना सांगायचे, आणि मी समोर उभी असले तरी आत्याबाई मला सांगायच्या.

सव्वीस जानेवारीला त्यांनी कोट घातला, बिल्ले लावले आणि झेंडावंदनाला गेले. मी बायकांच्यात मागं बसले होते. हेडमास्तरांनी नाव पुकारलं तेव्हा ते रिकाम्या हातांनी पुढं आले आणि पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "मला दिसत न्हाई. आपरीशन केल्यावर बगू." एवढंच. पटांगणात कुणी हसलं नाही. खांबावरचा नारळ पुढं शिपायानं फोडला आणि पोरांना वाटला. घरी येताना ते रस्त्यानं माझ्या पुढं चालत होते. ओढ्याच्या फरशीपाशी थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "हितं पानी हाय का?" मी म्हणाले, "हाय. डाव्या अंगानं या." पाच दिवसांनंतर ते पहिलं बोलणं.

त्याच महिन्याच्या शेवटी आम्ही मोतीबिंदू काढायला मिरजेला गेलो. आधी एक डोळा, उन्हाळ्यात दुसरा. तेव्हा ऑपरेशन झालं की उताणं पडून राहावं लागायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, मान हलवायची नाही की खोकायचं नाही. मामंजींना ते जमलं. पण रिकामे हात त्यांना सोसवेनात. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "काटी हाय का येकांदी?" मी हातपिशवीतून न खरवडलेली चिव्याची काठी काढून त्यांच्या छातीवर ठेवली. पडल्या पडल्या ती बोटांत फिरवत ते म्हणाले, "तिसऱ्या पेरापाशी वाकडी हाय." मी बघितलं. मला काही दिसलं नाही. घरी आल्यावर निखाऱ्यावर धरली, तर खरंच होती.

जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून समोरचं मोठं दिसायचं आणि कडेचं वाकडंतिकडं. पहिल्या दिवशी त्यांनी पायरी चुकवली, दुसऱ्या दिवशी माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "तू लय बारीक झालीस." त्यांचा नारळ फोडणारा नेम काही परत आला नाही. वीस पावलांवरून बारातले सहा-सात वर्तुळात जायचे, आणि तेवढ्यावर त्यांनी मानून घेतलं. शाळेचं आमंत्रण परत आलं तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं. धाकट्या भावाच्या दारात मात्र ते गेले. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. येताना हातात भावाच्या मळ्यातली चार मक्याची कणसं होती.

बाण मीच जुळवत राहिले. पण वजन आणि वाक बघून झालं की प्रत्येक बाण आता त्यांच्या बोटांखालून जायचा. त्यांनी काही न बोलता परत माझ्याकडं दिला की समजायचं, चुकलंय, पुन्हा बघ.

आणि एक नवी गोष्ट सुरू झाली. मळ्यात धनुष्य हातात घेतलं की बाण दोरीला लावण्याआधी ते मोठ्यानं विचारायचे, "कुटं हायस गं?"

आत्याबाई त्यांच्या मागं, बांधावर, निवडायला काहीतरी घेऊन बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "हाय हितंच. मारा."

मग ते माझं नाव घेऊन तसंच विचारायचे. दोघींचं उत्तर आलं की मगच ओढायचे. पहिल्या बाणालाही आणि बाराव्यालाही.